७ हजारात लॅपटॉपसाठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायची तर

प्रश्न थोडक्यात असा की लॅपटॉपला ५१२ जीबीची एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) आहे आणि ती काठोकाठ भरलीय म्हणून सगळं एक्स्टर्नलवर हलवायचंय, त्यात मुलीचे जन्मापासूनचे फोटो, लग्नाचं शूटिंग, थोडं ऑफिसचं आणि बाकी सगळे सिनेमे. बजेट ७ हजार. सीगेट घ्यावी का डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल), का सरळ एसएसडीच घ्यावी, आणि ऑनलाइन ती २ हजाराला १६ टीबी दिसते ती काय भानगड आहे. घरात बायकोचं मॅकबुक आहे आणि अधूनमधून टीव्हीलाही लावायचीय.

मी डिस्क विकत नाही, रिपेअरिंग आणि डेटा रिकव्हरी करतो, म्हणजे माझ्या टेबलावर येतात त्या बंद पडलेल्याच. त्यामुळे कुठली किती फास्ट यापेक्षा कुठली कशानं जाते या बाजूनं माझं उत्तर येणार, तेवढं चालवून घ्या.

आधी ती १६ टीबीवाली निकालात काढू. घेऊ नका, विषय संपला. पण का ते कळलं पाहिजे, कारण हेच उद्या ८ टीबी किंवा ४ टीबी नावानं समोर येईल. खिशात मावणारी जी अडीच इंची हार्ड डिस्क असते ती कित्येक वर्षं ५ टीबीवरच अडकलेली होती, २०२४ मध्ये डब्ल्यूडीनं ६ टीबी काढली. एसएसडीमध्ये खिशातली ८ टीबी मिळते पण तिची किंमत तुमच्या लॅपटॉपच्या वर जाते. मग २ हजारात १६ टीबी आली कुठून? तर कुठूनच नाही. असला डबा मी उघडून बघितलाय, वरून ॲल्युमिनियमची छान चकचकीत बॉडी, आत छोटासा बोर्ड, त्याला खाचेत एक साधं मेमरी कार्ड बसवलेलं आणि ते हलू नये म्हणून वरून हॉट ग्लूचा गोळा. काहींमध्ये हाताला जड लागावं म्हणून लोखंडाची पट्टीसुद्धा चिकटवलेली असते. बोर्डवरच्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, ती विंडोजला सांगते मी १६ टीबी, आणि विंडोज बिचारं विश्वास ठेवतं. तुम्ही फोटो कॉपी करता, कॉपी होतात, नावं दिसतात, फोल्डर दिसतात, कारण फाइलींची यादी डिस्कच्या सुरुवातीच्या भागात जाते आणि तेवढी जागा खरी असते. खरी ६४ जीबी भरली की पुढचं सगळं हवेत जातं नाहीतर जुन्यावरच परत लिहिलं जातं. लोकांना हे महिनाभरानं कळतं, फोटो उघडायला गेलं की उघडत नाही, आणि तोवर लॅपटॉपवरचे डिलीट करून मोकळे झालेले असतात. यातून रिकव्हरी होत नाही, कारण डेटा गेला नाहीये, तो कधी लिहिलाच गेला नव्हता.

कुठलीही डिस्क घेतली, अगदी दुकानातून बिलावर घेतली, तरी मोकळी असतानाच एकदा टेस्ट करा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, मॅक आणि लिनक्सवर एफ३. ते पूर्ण डिस्क भरून लिहितं आणि परत वाचून ताडून बघतं. १ टीबीला पाच-सहा तास सहज लागतात, रात्री लावून झोपा. दुसरं, क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून पॉवर ऑन अवर्स, म्हणजे ती किती तास चाललीय ते, बघा. नवी म्हणून घेतलेली डिस्क शे-दोनशे तास चाललेली दाखवत असेल तर ती नवी नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली डिस्क नव्या केसिंगमध्ये घालून विकणं हा धंदा जोरात चालतो, आणि हा आकडा शून्यावर आणता येतो हेही खरंय, म्हणून आकडा चांगला आला म्हणजे शंभर टक्के नवी असं नाही, पण वाईट आला तर मात्र त्याच दिवशी परत करा. डब्यावरचा सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की वॉरंटी आहे का, कधीपर्यंत आहे तेही दिसतं. बाहेरच्या देशातून आणलेला माल असेल तर तिथंच उघडा पडतो.

आता सीगेट का डब्ल्यूडी. हा प्रश्न मला जेवढ्या वेळा विचारतात तेवढा तो महत्त्वाचा नाहीये. जगात फिरती हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदा २०११ मध्ये सीगेटनं घेतला, हिताचीचा २०१२ मध्ये डब्ल्यूडीनं. बाकी ट्रान्सेंड, एडाटा वगैरे नावं दिसतात त्यांच्या आत याच तिघांपैकी कुणाचीतरी डिस्क असते, फक्त बाहेरचं रबर आणि केसिंग त्यांचं. 'सीगेट लवकर जाते' हे जे सगळे म्हणतात ते बरंचसं सीगेटच्या २०११ च्या एका ३ टीबी डेस्कटॉप मॉडेलवरून आलंय, ते खरोखर खराब निघालं होतं, अमेरिकेत कोर्टापर्यंत गेलं. तुमच्या पोर्टेबल डिस्कशी त्याचा संबंध नाही. माझ्याकडे तिन्ही येतात, आणि ज्या येतात त्यातल्या बहुतेक कंपनीमुळे येत नाहीत, पडल्यामुळे येतात.

एक फरक मात्र माझ्या कामात पडतो, तो सांगतो. डब्ल्यूडी आणि तोशिबाच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डवरच सोल्डर केलेला असतो. सीगेटमध्ये बहुतेक वेळा आत साधी साटा डिस्क, म्हणजे लॅपटॉपमध्ये बसते तसली, असते आणि यूएसबीचा छोटा बोर्ड वेगळा लावलेला असतो. पोर्ट तुटला तर सीगेटची डिस्क बाहेर काढून दुसऱ्या केसिंगमध्ये घातली की काम झालं, पाच मिनिटं. डब्ल्यूडीमध्ये बोर्डवरच काम करावं लागतं, आणि तिच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तुम्ही पासवर्ड लावला नसला तरी आतली चिप डेटा एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे सांकेतिक रूपात बदलूनच, लिहिते, म्हणजे बोर्ड जळाला तर प्रकरण आणखी किचकट. म्हणून डब्ल्यूडी वाईट असं अजिबात नाही, डिस्क म्हणून चांगलीच आहे. पण दोन्ही सारख्या किमतीत मिळत असतील तर मी सीगेटचं साधं एक्स्पान्शन मॉडेल उचलेन, इतकंच. बॅकअपचं सॉफ्टवेअर, चार रंग, चामड्यासारखं कव्हर यासाठी पाचशे-सातशे जास्त देऊ नका, डब्ल्यूडीमध्येही माय पासपोर्ट मॉडेलऐवजी एलिमेंट्स घ्या.

पोर्टचं निघालंच आहे तर तो नीट बघून घ्या, कारण स्वस्त डिस्कचा सगळ्यात कच्चा भाग तोच आहे. अजूनही बऱ्याच मॉडेलना तो चपटा रुंद, मधे खाच असलेला मायक्रो-बी पोर्ट येतो. डिस्क लावलेली असताना लॅपटॉप उचलून सोफ्यावरून बेडवर नेला, डिस्क वायरला लोंबकळली, असं दहावीस वेळा झालं की पोर्ट आतून ढिला होतो. मग वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच चालते, मधेच डिस्कनेक्ट होते, आणि लोक काय करतात तर वायरखाली काडेपेटी ठेवून वापरत राहतात. करू नका. कॉपी चालू असताना मधे तुटलं की फाइल सिस्टीमची, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्या नोंदीची, वाट लागते आणि मग विंडोज विचारतं फॉरमॅट करू का, आणि आपण गडबडीत हो म्हणतो. टाइप-सी पोर्टवाली तेवढ्याच किमतीत मिळाली तर ती घ्या. वायर आखूड असली की बरं, आणि डिस्क लॅपटॉपच्या पोर्टलाच लावा, शंभर रुपयांच्या चार तोंडाच्या हबला नको. अडीच इंची डिस्क पॉवरसुद्धा त्याच वायरमधून घेते, यूएसबी ३ चा पोर्ट ९०० मिलीअँपिअर देतो, जुना यूएसबी २ चा ५०० च, आणि तेवढ्यात काही डिस्क फिरायला लागतात पण पूर्ण वेग घेत नाहीत, टिक-टिक करत परत परत सुरू होतात. लोकांना वाटतं डिस्क गेली. अशा वेळी आधी वायर आणि पोर्ट बदलून बघायचं.

डब्यावर यूएसबी ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ असं काहीही छापलेलं असू दे, तिन्ही एकच आहे, ५ जीबीपीएसचं. त्यासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही कारण आतली डिस्कच सेकंदाला १०० ते १३० एमबीच्या पुढे जात नाही. तुमचा ४०० जीबी डेटा धरला तर मोठ्या फाइलींना सव्वा तास, लाखभर बारीक फोटो असतील तर बराच जास्त. यूएसबी २ च्या पोर्टला चुकून लावली तर तेच तीन तासाच्या वर जाईल. आणखी एक गोष्ट डब्यावर कुणी लिहीत नाही, १ टीबीच्या वरच्या जवळपास सगळ्या अडीच इंची डिस्क हल्ली एसएमआर पद्धतीच्या असतात, म्हणजे डेटाच्या पट्ट्या घराच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या, त्यामुळे जागा वाढते पण मधलं एक बदलायचं तर शेजारचंही परत लिहावं लागतं. सुरुवातीला भराभर कॉपी होतं आणि शंभरेक जीबीनंतर एकदम वीस-तीस एमबीवर येतं, डिस्क खराब आहे म्हणून लोक परत करायला निघतात. खराब नाही, ती तशीच असते. फोटो ठेवायला काही फरक पडत नाही. तिच्यावरून गेम खेळायचे किंवा थेट तिच्यावरच व्हिडिओ एडिट करायचे असतील तर पडतो, आणि तसं असेल तर मग एसएसडीच बघा.

एसएसडीचं खरं सांगायचं तर तुमच्या कामाला गरज नाही. फास्ट आहे, साधी साटावाली पण ५०० एमबीच्या आसपास देते, एनव्हीएमई या जास्त वेगवान जातीची १००० च्या, पडली तरी सहसा काही होत नाही, रोज बॅगेत घेऊन हिंडणाऱ्याला मी डोळे झाकून एसएसडी सांगेन. पण त्याच पैशात जागा निम्मी किंवा त्याहून कमी येते. आणि कपाटात ठेवून द्यायची असेल तर एसएसडी मला तेवढी आवडत नाही, तिच्यात डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि पॉवर न देता वर्षानुवर्षं पडून राहिली, त्यात आपल्याकडचा उन्हाळा, तर तो हळूहळू झिरपतो. दुसरं म्हणजे हार्ड डिस्क जाताना बहुतेक वेळा आधी कुरकुर करते, स्लो होते, आवाज करते. एसएसडी काल होती, आज नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि याच्यावर मी अडून बसणार. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप भरलाय म्हणून सगळं एक्स्टर्नलवर 'हलवायचं'. हलवायचं म्हणजे लॅपटॉपवरून जाणार आणि फक्त एक्स्टर्नलवर राहणार. म्हणजे मुलीच्या फोटोंची प्रत एकच, आणि तीही लॅपटॉपपेक्षा नाजूक, टेबलावरून पडू शकणाऱ्या वस्तूवर. फिरत असताना या डिस्कचं हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) प्लॅटरपासून, म्हणजे आतल्या चकतीपासून, काही नॅनोमीटर वर तरंगत असतं, चालू डिस्क वीतभर उंचीवरून आडवी पडली तरी ते घासू शकतं. माझ्याकडे रडवेल्या चेहऱ्यानं जे येतात त्यांच्यातल्या बहुतेकांचं वाक्य एकच असतं, 'बॅकअप होता हो, याच्यावरच होता.' तो बॅकअप नव्हता, ती एकुलती एक प्रत होती. आणि हेड गेलेल्या डिस्कमधून डेटा काढायचा खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतो, तोही निघेलच असं नाही. वॉरंटी डिस्कची असते, डेटाची नसते. कंपनी तीन वर्षांत डिस्क बदलून देईल, बहुतेक वेळा रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त केलेली जुनी, देईल, आतलं तुमचं तुम्ही बघा.

म्हणून माझं म्हणणं असं की एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. तुमच्याकडे सगळं मिळून ५०० जीबीच्या आत आहे. १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवेल, त्यात फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या. म्हणजे १ टीबीसुद्धा तुम्हाला तीन-चार वर्षं पुरेल. किमतीचा आकडा मी मुद्दाम देत नाही कारण तो सारखा वरखाली होतोय, २०११ मध्ये थायलंडला पूर आला तेव्हा दोन-तीन महिन्यांत किमती जवळपास दुप्पट झालेल्या आणि आता डेटा सेंटरवाले माल उचलतायत. तुम्ही एवढंच करा की किंमत भागिले टीबी काढा. ५०० जीबीची जवळपास १ टीबीच्याच भावात असते, ती सोडून द्या. प्रति टीबी बघितलं तर २ टीबी आणि त्याच्या वरची स्वस्त पडते हे खरंय, सिनेमे साठवायचा नाद असेल तर २ टीबीची घ्या, पण मग दुसऱ्या प्रतीचं काय ते आधी सांगा.

आणि दुसरी प्रत फुकटात होऊ शकते. घरात जुना लॅपटॉप आहे का, बंद पडलेला, माळ्यावर टाकलेला? किंवा याच लॅपटॉपला पूर्वी हार्ड डिस्क होती आणि नंतर एसएसडी टाकून घेतली असं काही? तर ती जुनी अडीच इंची डिस्क बाहेर काढा, चार-पाच स्क्रूचं काम असतं. साटाचं यूएसबी ३ केसिंग काही शे रुपयांत मिळतं, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, बाकी ऑनलाइन आहेच. डिस्कची जाडी तेवढी बघून घ्या, ७ मिलीमीटर आहे का साडेनऊ, काही केसिंगमध्ये फक्त ७ चीच बसते. घातली की क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तीन आकडे बघायचे, रीअलोकेटेड सेक्टर (खराब होऊन बदललेल्या जागा) म्हणजे ०५ नंबर, करंट पेंडिंग (वाचताना अडणाऱ्या जागा) म्हणजे सी५, आणि अनकरेक्टेबल (वाचताच न येणाऱ्या) म्हणजे सी६. तिन्ही शून्य असतील तर डिस्क जुनी असली तरी दुसरी प्रत म्हणून चालेल. सी५ मध्ये आकडा असेल तर त्या डिस्कवर भरवसा ठेवू नका, सिनेमे टाका हवं तर. सी७ वाढलेला दिसला तर घाबरू नका, तो बहुतेक वेळा वायरीचा किंवा कनेक्शनचा दोष असतो.

म्हणजे ७ हजाराचा हिशोब असा लागतो, एक नवीन साधी डिस्क आणि उरलेल्यातून जुन्या डिस्कला केसिंग. जुनी नसेल तर आत्ता एकच घ्या, दुसरी दिवाळीच्या सेलला, आणि मधल्या काळात लॅपटॉपवरून फक्त सिनेमे काढा, फोटो दोन्हीकडे राहू द्या. सिनेमा परत मिळतो. दोन डिस्क झाल्या की दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये ठेवू नका, एक आईकडे किंवा भावाकडे ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी गेलात की आणून अपडेट करा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात असाल तर, झिपलॉकमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा.

मॅकबुकचं जरा सांभाळून. नवी डिस्क विंडोजसाठी बहुतेक एनटीएफएसमध्ये किंवा एक्सफॅटमध्ये येते, या डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती. एनटीएफएस मॅक वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, आणि मॅक 'इनिशियलाइझ करू का' असलं काही विचारायला लागला तर हात जोडून नाही म्हणा, हो म्हटलं की सगळं पुसायच्या वाटेवर. दोन्हीकडे लिहायचं असेल तर एक्सफॅट, फक्त एक्सफॅटमध्ये जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं म्हणजे मधेच वायर उपटली तर गोंधळ व्हायची शक्यता एनटीएफएसपेक्षा जास्त. म्हणून मी सुचवेन की फोटोंची मुख्य डिस्क एनटीएफएस ठेवा, ती फक्त तुमच्या लॅपटॉपला लागेल, आणि दुसरी एक्सफॅट करा. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही आणि तुमच्या लग्नाच्या व्हिडिओची एकेक फाइल त्याच्या वर असणार. विंडोज १० च्या २०१८ च्या अपडेटपासून 'क्विक रिमूव्हल' (इजेक्ट न करता वायर काढायची सोय) आपोआप चालू असतं म्हणून लोक बिनधास्त वायर ओढतात, पण तरी इजेक्ट करा, डिस्कचं फिरणं थांबलेलं हाताला जाणवतं, मग उचला.

आणि कधी डिस्कमधून ठराविक लयीत टक-टक आवाज यायला लागला, आणि पोर्ट-वायर बदलूनही थांबला नाही, तर तिथंच बंद करा. विंडोजचं चेक डिस्क चालवू नका, रिकव्हरीची फुकट सॉफ्टवेअर रात्रभर लावू नका, यूट्यूबवरचा फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय तर मुळीच नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. जितका वेळ चालू ठेवाल तितकं प्लॅटर खरवडलं जातं आणि आमच्या हातात तितकं कमी उरतं.

टीव्हीचं राहिलं. फोटोंची डिस्क टीव्हीला लावूच नका, टीव्ही इजेक्ट करू देत नाहीत धड आणि मुलं रिमोटनं बंद करून वायर ओढतात. सिनेमे पाहायला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, तो एक्सफॅट करून बघा, जुना टीव्ही असेल आणि वाचत नसेल तर तेवढ्यापुरता फॅट३२.